हलणाऱ्या गोष्टी वगळून

ऊन वर यायच्या आत उरकावं लागतं.
सावली सरकली की भिंत दुसरीच होते,
मग दहाचा फोटो सातच्या फोटोला ओळख देत नाही.

नाईलकाठी कच्च्या विटांचा किल्ला.
पायथ्याशी अर्ध्या मीटरची काळी-पांढरी पट्टी ठेवायची,
नाहीतर संगणकाला किल्ला काय, काडेपेटी काय.
मी एक पाऊल सरकते, बटण दाबते,
पुन्हा एक पाऊल.
प्रत्येक फोटोला आधीच्या फोटोतलं
दोन तृतीयांश आठवत असावं लागतं.
विसरला, की भिंतीला भोक.

राखणदार फिकरी काठी घेऊन मागेमागे.
"आमच्या आजानं इथल्याच विटांनी गोठा बांधला,"
म्हणतो, आणि पटकन इकडेतिकडे बघतो.
मी म्हणाले, गोठ्याचेही फोटो काढू.
तो हसला.
मी गंमत करत नव्हते.

रात्री शाळेच्या खोलीत जनरेटर धडधडतो,
लॅपटॉप चारशे बारा फोटो एकमेकांशी ताडून बघतो.
आधी नुसती धूळ, ठिपक्यांची,
मग धूळ धरून धरून उभी राहते.
जे हललं ते गळालं:
शेळ्या नाहीत, खजुरीची झावळी नाही,
नदी तर नाहीच, तिथे फाटकं काळं फडकं.
दिवसभर सोबत असलेला फिकरी कुठेच नाही;
बुरुजाला टेकवून विसरलेली
त्याची काठी तेवढी आहे.

आणि पूर्वेच्या दाराशी एक उंचवटा,
जुन्या नकाशात नसलेला.
फिरवून फिरवून पाहिला.
जांभळा तोब. गुडघा. किटलीचा कान.
नब्रा, चहावाली!
पहाटेपासून गिऱ्हाईक नव्हतं, बसून होती
भिंतीला टेकून, जिथल्या तिथे.
चेहरा मात्र उमटला नाही,
स्वतःशी काही पुटपुटत असणार.

नियम साधा आहे: माणसं, सामान पुसून टाका.
पुसलं.
आत भोक.
तिच्या पाठीमागे काय आहे
ते एकाही फोटोला माहीत नव्हतं.

सकाळी तिच्यापुढे जाऊन बसले.
एक ग्लास प्यायले, आलं घसा जाळणारं.
दुसरा घेतला. मग धीर करून म्हटलं,
हबोबा, जरा उठतेस?

कण्हत उठली, मला नावं ठेवत.
तिथल्या विटा गुळगुळीत, तेलकट, किंचित खोलगट,
बरोबर एका पाठीच्या मापाच्या.

मी पट्टी लावली.
सूर्य अजून खाली होता.