मुठी

कॉटन मार्केटच्या मागून आणलेली जोडी,
काळं रबर, दोनशे चाळीस रुपये.
जुन्या मुठी उन्हानं पाघळल्या होत्या;
ऑफिसात मी सही करायचो
तिथे अंगठाही उठायचा.

ब्लेडनं उभी चीर दिली.
डाव्या मुठीच्या आत नऊ वर्षं
ऊन न पाहिलेलं लोखंड,
नवंकोरं.

एक बसेना. दुसरी गरगर फिरत राहिली.
पंक्चरवाला झिंगरू रस्त्यापलीकडून ओरडला,
"काका, उलट्या लावून राह्यले ना तुम्ही!
रेसची मूठ आतून ढिली असते.
अन् साबण नका लावू, हेअर स्प्रे मारा."

हेअर स्प्रे.
रुचिकाच्या कपाटात अर्धा डबा होता,
बंगलोरला नेला नव्हता तिनं.
दोनदा फुस्स केलं. सरकली.
मोजून दहा सेकंद हातात असतात,
मग वाकडी तर वाकडी.

"आता रातभर हात नका लावू."
नाही लावला.
दोनदा फक्त बघून आलो.

सकाळी वर्धा रोडवर, दहालाच चाळीस डिग्री,
सिग्नलला उभा, मुठी तापलेल्या,
आणि एकदम
कॉलेजच्या गॅदरिंगचा वास.

हिरवा कधीच झाला होता.
मागचे हॉर्न वाजवून राह्यले होते.