शुद्धिपत्र

मे महिना. मोहननगरात दुपारी कुत्रीसुद्धा
नालीच्या ओलाव्यात पोट टेकवून पडलेली.
कूलर घरघरतो, वाळ्याचा वास,
आणि शलमोनमामा, वय एक्याऐंशी,
टीव्हीसमोर, गुडघ्यावर जुनी वही,
कानामागे लाल पेन्सिल.

चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली त्यांनी.
एकदा ‘देव प्रीती आहे’चं
‘देव भीती आहे’ झालं,
तर अख्खा फर्मा रद्दीत घातला,
मालकाशी भांडून.

आता माझ्या जेरुशाचं कार्टून तपासतात.
शास्त्रातल्याच गोष्टी, पण हसायच्या:
नोहाला पडसं, उंटाला चष्मा.

“सफरचंद! उत्पत्तीत नुसतं फळ हाये.
मनानंच ठरवायचं, तर संत्रं काहून नाही?”
लाल फुली.
“योनाला देवमासा नाही, मोठा मासा.”
फुली.
“शुद्ध जनावरं सात-सात होती तारवात, दोन-दोन नाही.
अन् कबुतराच्या आधी कावळा सोडला होता.
कावळ्याचं कोणी नावच काढत नाही.”

जेरुशा मधेच ओरडते,
“आबा, मोशेला चारच बोटं!
दोन हातांची आठ.
मग दहा आज्ञा मोजतो कशावर?”
मामा इतके हसतात
की कवळी हातात घ्यावी लागते.
मग गंभीर होऊन,
“गथच्या त्या धिप्पाड गड्याला सहा-सहा होती हाताला.
त्यालाही यांनी चारच दिली. लिही,
एका हाताची दोन कमी.”

मग अब्राहाम येतो.
डोंगर घराच्या मागेच, परसात असावा तसा.
“तीन दिवस चालला बाप,” मामा पुटपुटतात,
“तीन दिवस. पोराशी काय बोलला,
ते मात्र दिलेलं नाही.”

पोरगा लाकडं उचलतो, शिंकतो.
म्हाताऱ्यानं सुरा अजून काढलाही नाही,
तोच झुडपातून मेंढा,
शेपूट हलवत, धावत, वेळेच्या कितीतरी आधी.
बापलेक त्याच्यावर बसून घरी येतात.
जेरुशा टाळ्या पिटते.

मला वाटलं, आता फुली.
मूळ वचन मलाही पाठ आहे:
हात उगारल्यावर हाक आली, आधी नाही.

मामांनी ‘चूक’च्या रकान्यात लिहिलं,
मेंढा लवकर आला.
‘दुरुस्ती’च्या रकान्यावर पेन्सिल टेकवली.
टेकलेलीच राहिली.

प्रबोधदादा गेला त्याला अकरा वर्षं झाली.
कुठल्या गाडीनं गेला, ते मामांना विचारायचं नसतं.
मामीनं तेव्हा दारात उभं राहून
नुसतं “अहो” म्हटलं होतं,
फार हळू, आणि उशिरा.

“झालं का लिहून?” जेरुशा विचारते.
“नाही ना,” ते म्हणतात,
“पुन्हा दाखव तेवढं. मेंढ्याचं.”

कूलरमधलं पाणी संपलंय.
मी बादली घेऊन उठते.