दहा किलोच्या खालचं

शिरोलीच्या वजनकाट्यावर मी बसते,
सकाळी सहा ते दोन, पावत्या फाडायला.
भरलेली गाडी. मोकळी गाडी.
वजा केलं की उरतो तो माल.
एवढ्या गणितावर माझं घर चालतं.

शौकत मणेरचा भंगाराचा ट्रक आला की
मी खिडकीतून वाचत बसते.
बिडावर उठावाची अक्षरं असतात,
गंज त्यांना सगळ्यात शेवटी खातो.
हॅलिफॅक्स, अठराशे सत्त्याण्णव:
लेथचा पाय. त्यावर कुणाचा हिरवा रंग, त्यावर कुणाचा राखाडी,
आणि खाचेत कुठल्यातरी खंडेनवमीचं कुंकू.
शेजारी इचलकरंजीच्या मागाची चाकं.
"लँकेशायरनं म्हातारी करून धाडली," शौकतभाई म्हणतो,
"साठ वर्षं नांदली हितं. आता किलोवर."
कोपऱ्यात जहाजाचा पत्रा, त्यावर मला न येणारी एक लिपी.
तो मी नुसता बघते.

माझा आज्जा गुंडू सुतार, उद्यमनगरात.
लढाई चालू, विलायती इंजिन बंद,
सुटे भाग बोटीनं यायचे आणि बोटी लढाईवर.
त्यानं तुटका तुकडा मांडीवर घेतला,
दोन रात्री नुसता कुरवाळला, मग सागवानात कोरला,
फुटाला एक सूत मोठा.
वितळलेलं बीड निवताना आकसतं ना.
"सायबाची विद्या म्हंजे काय," म्हणायचा,
"आकसतं किती, तेवढं कळलं की झालं."

(पण आमचं काय काय आकसलं
ते त्यानं कधी सुतात सांगितलं नाही.)

मग एका वर्षी अमेरिकेत कुणाचे तरी घराचे हप्ते थकले
आणि इथं माझ्या खिडकीसमोर रांगच लागेना.
तीन पाळ्यांची एक झाली.
बालेश्वरचा एक पोरगा, साच्यात वाळू ठोकणारा,
मला विचारत होता, "दीदी, वो लोग कौन हैं?"
मी म्हटलं, गिऱ्हाईकाचं गिऱ्हाईक.
तो पुढच्या गाडीनं गेला. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

गुळाच्या गाड्या येतात तेव्हा केबिनला वास धरतो.
रव्यांवर गोणपाट, गोणपाटावर माश्या,
कागदावर दुबईचं नाव.
दळवीबाईंच्या चुलत पणजोबांना कोकणातून मॉरिशसला नेलं होतं,
ऊस तोडायला.
ती पावती कुणी फाडली असेल?
भरलेलं जहाज, मोकळं जहाज.
वजा करून काय लिहिलं?

पोरगी डब्याबरोबर भूगोलाची वही घेऊन आली परवा.
विकसित देश निळे रंगवा, विकसनशील पिवळे.
"आई, पिवळा खडू संपला."
मी म्हटलं, असू दे, बाकीचं जग तसंच ठेव.
ती ऐकेना. हळद मागून आणली समोरच्या चहावाल्याकडून
आणि आफ्रिका आणि आपण बोटानं भरून काढलं.
वहीला अजून वास आहे.

दुपारी एक.
जर्मनीच्या ट्रॅक्टरचे सुटे भाग बंदराकडं निघालेत,
खोक्यांत, तेल लावून, बाळासारखे गुंडाळून.
त्यात हॅलिफॅक्सचा पाय असेल, मागाची चाकं असतील,
जहाजाचं ते अक्षर असेल,
खाचेतलं कुंकू भट्टीत जळून गेलं असेल.
मी ओरडते: ड्रायव्हर, खाली उतर!
नियम आहे. माणूस मालात धरायचा नाही.

आमचा काटा दहा दहा किलोनं मोजतो.
त्याच्या खालचं त्याला दिसत नाही.
माझा डबा, आज्जाची पटाशी,
त्या पोराची पिशवी.

पोरगी एकदा, दोन वर्षांची असताना,
रांगत रांगत पार मधोमध जाऊन बसली होती.
केवढं मोठं लोखंडी अंगण, वीस चाकं मावणारं.
मी आकडा बघायला पळाले.
शून्य.
ती टाळ्या वाजवत होती.