मोरच असेल

पदवीच्या खिडकीपुढं रांग.
माझ्या पुढं एकजण, कडेवर बाळ,
मागं भरतीची तयारी करणारा, बुटांना मैदानाची माती.
पावतीवरच्या माझ्या नावातला काना गळालाय,
शुभदाची शुभद झालीय मी.
दुरुस्तीची खिडकी वेगळी. ती जेवणानंतर उघडते.

म्हणून ग्रंथालयामागच्या रस्त्यानं निघाले.
वसतिगृहापर्यंत चारशे बावीस पावलं.
तेव्हा मोजायचे मी.
एकशे ऐंशीला सुबाभळीची झाडी,
दोनशे तीसला बंद दिवा,
तीनशेला चौगुलेमामांची पाठ मोडलेली खुर्ची;
खुर्चीत मामा असले
की पुढची मोजावी लागायची नाहीत.

पहिल्याच रात्री मोर ओरडला
आणि मी ताडकन उठून बसले.
कुणीतरी बाई हाका मारतेय, म्हटलं.
निलोफर हुपरीची, माझ्याहून एक वर्ष जुनी,
कूस न बदलता म्हणाली,
"मोर हाय गं. झोप.
महिन्याभरात ऐकू यायचा बंद होतोय."
झालंही तसंच.

कोल्हापूरच्या पोरी आले-गेले म्हणत नाहीत.
आलो, गेलो, जेवलो, बस चुकली, चालत येतो.
मी देवगडची, मला हसू यायचं.
मग माझ्याही जिभेवर ते बसलं.
आईला फोनवर म्हटलं, "झोपतो आता,"
तर ती म्हणाली, कोण बोलतंय?
खरं सांगते, त्या एका ओकारानं
छाती दोन बोटं रुंद व्हायची.
दिवसा.
साडेसातनंतर व्याकरण उपयोगी पडायचं नाही.
तेव्हा किल्ली बोटांच्या फटीत,
कानाला चार्जिंग संपलेला मोबाईल,
आणि मोठ्यानं, "हां दादा, आलोच, गेटवर थांब."
मला दादा नाही.

सोनल आवळेची गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.
ती गोष्ट नाहीच, आवाज आहे.
मार्च महिना, दुसऱ्या दिवशी पेपर,
खिडकी उघडी.
दोनदा आला.
मी पेनाला टोपण लावलं.
निलोफरनं माझ्याकडं बघितलं.
"मोरच असेल," मी म्हणाले.
मी. ती नव्हे.

सोनल आली ती एकाच पायात चप्पल,
कोपर सोललेलं, पिशवी गेलेली,
मागं चौगुलेमामा, हातात काठी, धाप लागलेली.
"काय नाही झालं," ती सांगत राहिली
आठवडाभर,
कुणी विचारलं नाही तरी.

अर्ज मी लिहिला. विषय: दिवा लावणेबाबत.
एकशे चौदा सह्या.
समिती बसली, चहा झाला,
आणि आमच्या फाटकाची वेळ
साडेनवाची साडेआठ झाली.
अंधार होता तिथंच राहिला,
आत घेतलं ते आम्हाला.
दिवा पुढच्या वर्षी लागला,
पदवीदानाचे पाहुणे त्या रस्त्यानं जाणार होते म्हणून.
त्याच्याखाली आम्ही फोटोही काढला.
सोनल त्यात नाही.

आणि तरी,
ह्याच रस्त्यावर, कागदातलं भडंग खात,
निलोफरशी दीड तास भांडून
मी आयुष्यातलं पहिलं मत बनवलं
जे घरातल्या कुणाचंच नव्हतं.
हे कुठल्या अर्जात लिहू?

आता खांबावर कॅमेरा आहे. खुर्ची नाही.
समोरून एक पोरगी, पाठीवर सॅक, हातात प्रवेशाचे कागद.
"ताई, हिकडनं वसतिगृहाकडं जाता येतं?"
मी तोंड उघडलं
तेवढ्यात झाडीतनं तो आवाज.
ती दचकली. माझ्याकडं बघू लागली.
मोरच अ—
जीभ तिथंच थांबली.
"चल," म्हटलं, "बघून येतो. तूपण ये."

मोरच होता.
पडक्या कुंपणावर, पिसं झडलेला, आपल्याच नादात.
आम्ही दोघींनी नीट बघितला
आणि मगच निघालो.