एक जादा नोड

मे महिन्यात धरणगावात पारा पंचेचाळीसला टेकतो
आणि माझ्या यंत्राचं पातंही पंचेचाळीस अंशांतच कलतं.
तिरकं जातं म्हणून पुठ्ठ्याची आतली पांढरी कड दिसते,
नखातल्या चंद्राएवढी,
आणि फोटो जरा खोल गेल्यासारखा वाटतो.

साबीरभाई पिंजारी हे हातानं करायचे.
कोपर टेबलात रोवून, श्वास धरून,
एका दमात अंडाकृती.
मध्येच कुणी "चहा सांगू का" म्हटलं
की पुठ्ठा गेला.

मी स्क्रीनवर काढते.
चार नोड, आणि प्रत्येकाला दोन हँडल,
जुवाच्या टोकांसारखी:
एक दाबलं की दुसरं उचलतं.
आधी मी नोड फार पेरायची.
वाटायचं, जितके ठिपके तितकी पकड.
पातं दर ठिपक्याशी ठेचकाळायचं,
कड उंदरानं कुरतडल्यासारखी.
पुसायला शिकण्यात दोन वर्षं गेली,
पुठ्ठे किती गेले ते मोजलेच नाहीत.

उखर्डू तुळशीराम भोई
पेपरात गुंडाळून फोटो घेऊन आले.
जिनिंग प्रेस, हंगामाचा शेवटचा दिवस,
मागे सरकीचा ढीग,
अडतीस माणसं, मालक खुर्चीत,
मुकादमाच्या हाताची घडी.
"गोल पाहिजे. अंड्यासारखा."

स्कॅन केला. रेघ टाकली. छान बसली.
मालकाची टोपी बरोब्बर मधोमध.
उजव्या अंगाला, रेघेच्या बाहेर,
एक किटली.
किटलीमागे हात, हातामागे
हललेला अर्धा चेहरा.
म्हटलं, कडेचं थोडं जाईल, चालेल ना?
त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं.
घामाचा ठसा उठला.
"हाऊ मी."

मग अंडं मोठं केलं,
तर मुतारीची भिंत आत आली.
उजवीकडे सरकवलं,
तर डावीकडचे तिघं गेले,
आणि त्यांच्या वतीनं बोट ठेवायला कुणी आलेलं नव्हतं.

उरला एकच उपाय, साबीरभाईंनी हाणला असता असा.
वळणावर एक नोड वाढवला
आणि धरून बाहेर ओढला.
हँडल आखूड, तर नाक निघालं.
लांब, तर सगळं अंडंच झोकांडलं.
कंट्रोल झेड. कंट्रोल झेड.
लाइट गेली, यूपीएस टिवटिवायला लागला,
उखर्डूभाऊ स्टुलावर तसेच,
टोपीनं वारा घेत.
दोन्ही हँडल एका रेषेत आली पाहिजेत,
नाहीतर पातं तिथं हिसका खातं, हे मला माहीत होतं.
हाताला कळायला साडेचार वाजले.
शेवटी वळण असं आलं,
जसा तोंडात पेरूची फोड धरलेला गाल.

पातं खालून निघालं, डावीकडून चढलं,
टोपीवरून उतरलं,
आणि किटलीपाशी बाहेर वळलं,
न थांबता.
आतला तुकडा टपकन खाली पडला.

काच पुसून फ्रेम पुढ्यात ठेवली.
त्यांनी कडेवरून बोट फिरवलं,
गालाशी थांबले.
"आठे वाकी गयं."
"मीच वाकवलंय, तुमच्यासाठी."
जरा विचार केला त्यांनी.
"मंग वीस रुपया कमी करा."

केले.
सायकलच्या कॅरियरला गोणपाटात बांधून,
सुतळीच्या चार गाठी मारून गेले.

पडलेला तुकडा गल्ल्यामागे टेकवून ठेवलाय.
पाठीवर मापं लिहिते: आठ बाय दहा, बारा बाय अठरा.
काल एका गिऱ्हाइकानं विचारलं,
हा कुठल्या देशाचा नकाशा.