नग एक

सिनेमातली इरावती म्हणजे आपली कन्हान,
मे महिन्यातली, गुडघाभर.
आणि ब्रह्मदेशचं जंगल म्हणजे पलीकडच्या काठावर
आणून रोवलेला बांबू,
तिसऱ्या दिवशी पिवळा पडणारा.

बाबांना काम मिळालं लकडगंजात, आरागिरणीच्या दारात.
खऱ्या बंदुका एकतीस, छावणीतून येणार,
आतली पिन काढून घेतलेल्या.
बाकी दीडशे तुम्ही करा, म्हणाला कंपनीचा माणूस,
मागच्या रांगेला लागतात.
जवळून दाखवणार नाही.

हे बाबांना पटलं नाही.
कामठीहून रोज बंदुका मोजायला येणाऱ्या
हवालदार फ्रान्सिसकडून
त्यांनी एक थ्री नॉट थ्री मागून घेतली,
मांडीवर आडवी ठेवली,
शिंप्यानं खांदा मापावा तशी दोऱ्यानं मापली.
नळीच्या तोंडापर्यंत चढत गेलेलं तिचं लाकूड
त्यांनी अंगठ्यानं चाचपलं:
"अर्धी तं सुताराचीच हाये हे."

लाकूड शिवणीचं. हलकं, रंग धरणारं.
पट्टे टांग्याच्या जुन्या लगामांचे.
बोल्टच्या जागी दाराची कडी,
इतवारीतून डझनावारी आणलेली.
काळ्या रंगात बूटपॉलिश आणि शिसपेन्सिलीची भुकटी;
ती मी वाटायची, घरच्या पाट्यावर.
आठ दिवस आमची चटणी करडी होती.
आई म्हणाली, दीडशे कड्या आणल्या,
आपल्या संडासाले एक नाही.

सिनेमा बर्डीवर लागला दुसऱ्या वर्षी.
आम्ही पडद्याला नाक लावून, सगळ्यात पुढे.
कामठीचा मुनीर, विड्या वळणारा,
एकाच लढाईत चारदा मेला:
दोनदा आपल्या बाजूनं, दोनदा जपानच्या.
हिरोच्या हातातली मशीनगन
त्या सालात निघालीच नव्हती,
हे फ्रान्सिसनं मध्यंतरात सांगितलं
समोशाचं तेल रुमालाला पुसत.
बाबांचं लक्ष नव्हतं.
ते मागची रांग पाहत होते,
धुरात, खांद्यांच्या मधून.

मुनीर चौथ्यांदा पडला तेव्हा
त्याची बंदूक खडकावर आपटून वीतभर उसळली.
लोखंड असं उसळत नाही.
आवाज मात्र लोखंडाचा, मुंबईत मागाहून भरलेला.
बाबा अंधारात उभेच राहिले:
"लाकूड हाये ना बाप्पा, लाकडासारखं वाजू द्या!"
मागून कोणी ओरडलं, बस बे खाली.
त्यांच्या डोक्याची सावली इरावतीत पडली होती.

कंपनीनं शेवटच्या चाळीस नगांचे पैसे बुडवले.
बाबांनी एक बंदूक ठेवून घेतली.
खिळ्याला टांगलेली असायची,
लिंबावर अडकलेले पतंग काढायला.

मग नालीवरून भांडण झालं,
शेजारच्या निनाव्यांनी ठाण्यात अर्ज दिला:
यांचे घरी रायफल आहे.
शिपाई लांजेवार आला. जड असेल म्हणून
दोन्ही हातांचा जोर लावून उचलली,
तर दस्ता त्याच्याच हनुवटीवर बसला.
हसला बिचारा. आम्हीही हसलो.
पण अर्जाला उत्तर द्यावं लागतं.

पंचनाम्यात लिहिलं:
बंदूक, रायफल वर्गातली, काळी, जुनी, नग एक.
बोल्ट कडक. चालते किंवा कसे, तपासणी बाकी.
बाबांनी कागद खिडकीपाशी नेला,
दोनदा वाचला.
लाकडी हा शब्द कुठेच नव्हता.
सही केली.

पुढे तारखा. मी मोजल्या तेव्हा अकरा झाल्या होत्या,
दर तारखेला एक दिवसाची मजुरी बुडत होती.
वकील म्हणाला, एक शब्द बोला डोमाजी,
आजच्या आज सुटता.
बाबा छताकडे पाहत राहिले, साहेबांच्या पंख्याकडे.

घरी येताना आईनं रस्त्यातच थांबवलं त्यांना.
काहून नाही सांगत म्हणून विचारलं,
लोकांसमोर, रडत, पिशवी खाली ठेवून.
त्यांनी पिशवी उचलली.
म्हणाले, "त्यायनं जवळून पाह्यली ना."