बुटका दांडा

आमच्या गाडीला गिअरचे दांडे दोन.
एक उंच, मुठीवरचे आकडे हातानं पुसून गेलेला.
दुसरा बुटका, त्याच्या कुशीला,
थोरल्याच्या फोटोत घुसलेल्या धाकट्यासारखा.

नव्व्याण्णव साली आप्पांनी ती आणली
तेव्हा उद्यमनगरातली निम्मी लेथ मशिनं थांबली.
"चारी चाकं ओढत्यात," आप्पा सांगत,
आणि दस्तगीर मिस्त्री फरशीवर उताणे होऊन
पुढचा डिफरन्शियल बघून येत,
गाभाऱ्यातनं बाहेर आल्यासारखे.

आम्ही नऊजण मावायचो.
मागच्या समोरासमोर बाकांवर गुडघ्याला गुडघा,
मध्ये काकवीची किटली,
आणि गगनबावड्याच्या तिसऱ्या वळणावर
हमखास ओकणारी शैला.
पण बुटका दांडा कधी पडला नाही.
डांबरावर टाकला तर पुढचा एक्सल पिळवटतो म्हणे,
आणि आमचं सगळं डांबरावरच:
रंकाळा, मार्केट यार्ड, मावशीचं कळे.
आईनं त्याच्यावर रुमाल वाळत घातला,
वीस वर्षं.

मग एकोणीसचा ऑगस्ट.
केर्लीपुढच्या वस्तीवरनं फोन,
वंदाच्या सासऱ्यांचं डायलिसिस दोनदा चुकलंय.
दस्तगीर मिस्त्रींनी सायलेन्सरला पाईप लावून छपरावर नेला,
हवेच्या नळीला दुसरा.
पैसे विचारले तर शिवी दिली.

पाण्याच्या काठाला आप्पा थांबले.
साफ थांबले. न्यूट्रल.
चालत्या गाडीत तो दांडा पडत नाही,
असं पुस्तकात होतं; आणि पुस्तक
लाल फडक्यात, पोथीशेजारी.
आईनं रुमाल उचलला.
पडेना.
पुन्हा पडेना.
"बोटभर मागं घ्या वो!" मिस्त्री ओरडले.
खट्.

मग ती निघाली, म्हशीच्या चालीनं,
बॉनेटपुढं पाण्याची मिशी ढकलत.
आप्पांचा पाय ना ब्रेकवर, ना क्लचवर;
इंजिन आपलं आपण पुटपुटत होतं.
दोन्ही अंगांना उसाचे नुसते शेंडे.
रस्ता कुठं आहे ते
आप्पा विजेच्या खांबांवरनं वाचत होते.

ते सासरे पुढं तीन सीझन जगले.
दर सीझनला एक गुळाची ढेप येते, अजून येते.
वर चिठ्ठी, तिच्यावर आमचं कुणाचं नाव नाही,
फक्त एमएच शून्य नऊ, आणि पुढचा नंबर.

गाडी आता बहुतेक दारातच असते.
आई रुमाल वाळत घालते तिथंच,
पण उंच दांड्यावर.